झांस्करच्या पाण्यासाठी ड्रायसूट: आत काय घालावे?

प्रश्न (कोल्हापूर): राजाराम तलावात कयाक चालवण्याचा सराव झाला असून ऑगस्टमध्ये लडाखला झांस्कर नदीत उतरणार आहे. ड्रायसूटच्या (पाणी आत येऊ न देणाऱ्या अंगभर पोशाखाच्या) आत सुती कपडे चालतील का?

उत्तर १: सुती नकोत. ड्रायसूट पाणी अडवतो, ऊब मात्र आतल्या लोकरी किंवा फ्लीसच्या (मऊ, लवदार कृत्रिम कापडाच्या) कपड्यांची असते, आणि घामाने भिजलेले सुती कापड उलट गारठा आणते. चेन लावल्यावर उकिडवे बसून, मानेभोवतीची पाणी अडवणारी घट्ट पट्टी बोटाने किंचित उघडून आतली हवा फुस्सकन बाहेर जाऊ द्यावी; ती राहिल्यास पाण्यात पायांकडे सरकून पाय वर तरंगवते.

उत्तर २: लाइफ जॅकेट वरून हवेच. पट्टी लेटेक्सची (पातळ रबराची) असल्यास मानेला, मनगटाला तेल नको (आपल्याकडे तेल चोळण्याची हौस दांडगी!), कारण तेलाने लेटेक्स खराब होते.

प्रश्नकर्ता: पाठीवरची चेन पूर्ण लागली, हे कसे कळावे?

उत्तर १: जोडीदाराकडून तपासून घ्यावी. पहिली चाचणी तलावाच्या उथळ पाण्यात, पहाटेच घ्यावी. कोल्हापूरच्या उन्हात सूटमध्ये जीव उकडतो.