इथेनॉलचा हिशेब नदीपर्यंत न्या

ई-20 पेट्रोलमुळे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, ऊसवाल्यांचंही भलं आणि हवेचंही, असं तुम्ही म्हणता. पहिला भाग मला मान्य आहे. माझाही दीड एकर ऊसच आहे, उसाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण हिशेब गाडीच्या टाकीपाशी थांबवू नका.

इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. ते सोसता येईल. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून इथेनॉल बनवताना मात्र लिटरमागं साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. काळपट, उग्र वासाचा. तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करता येतं. पण कुठं कुचराई झाली की पहिल्या पावसाबरोबर ओढ्यात आणि तिथनं पंचगंगा नदीत. पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे तरंगायला लागतात. शिरोळ तालुक्यात माझ्या आत्याचं गाव नदीकाठी आहे; तो वास मी विसरलेलो नाही. (सगळा दोष इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरींचा नाही. कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणीही याच पात्रात येतं. दूषित पाण्यामुळं आलेली 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवा.)

गुऱ्हाळांचंही तसंच. जळण म्हणून चिपाड चांगलंच, पण ते कमी पडल्यावर चुलवाणात जुनी टायरं घालणारे मी पाहिलेत. तो धूर आधी काहिलीजवळ गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या छातीत जातो.

तुमच्या गावाजवळ डिस्टिलरी असेल, तर स्पेंटवॉशचं काय करतात हे येत्या ग्रामसभेत विचाराल का? आमच्याकडं मी विचारणार आहे.