मदत हवी आहे : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदविकेसोबत कामगार कायद्यांचा हिशेब कुठे शिकावा?

नमस्कार. मी चिपळूणला राहते आणि लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये सहा वर्षांपासून काम करते. हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे अर्ज आणि भविष्य निर्वाह निधीची चलने ही माझी रोजची कामे. गेल्या जुलैपासून एका कम्युनिटी कॉलेजात मनुष्यबळ व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका करत आहे. वर्ग शनिवार-रविवारी असतात.

भरती, प्रशिक्षण, कामगिरीचे मूल्यमापन हे विषय चांगले शिकवतात आणि मला त्यांचा उपयोगही झाला आहे. अडचण कामगार कायद्यांची आहे. वर्गात कायद्याचे नाव, वर्ष आणि उद्दिष्टे पाठ करून घेतात, परंतु हिशेब करायला लावत नाहीत, आणि कामगार माझ्या खिडकीशी येतो तो हिशेब घेऊनच.

गेल्या जूनमध्ये आमचे एक ऑपरेटर अकरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी असते. महिन्याचे ३० दिवस धरून मी १५ दिवसांचे ६,५०० काढले आणि अकरा वर्षांचा ७१,५०० रुपयांचा कागद त्यांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी ते वहीचे एक पान घेऊन आले. त्यावर पेन्सिलीने २६ ने भागून ८२,५०० हा आकडा काढलेला होता. "मॅडम, एकदा बघून घ्या," एवढेच ते म्हणाले. त्यांचेच बरोबर होते. १९७२ च्या कायद्यात २६ नेच भागायला सांगितले आहे. कागद लगेच दुरुस्त केला, पण ते गप्प राहिले असते तर माझ्या चुकीमुळे त्यांचे ११,००० रुपये बुडाले असते, हे मनातून जात नाही. त्यानंतरच मी प्रवेश घेतला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या, तरी आमच्या नोट्स जुन्या कायद्यांवरच आहेत. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरायचा, ही वेतनाची नवी व्याख्या ग्रॅच्युइटीच्या आकड्यावर थेट परिणाम करते. या संहितांवर सोडवलेली उदाहरणे मराठीत कुठे मिळतील?

दुसरे असे की, १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५०० कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमावा लागे. नव्या संहितेत ही मर्यादा २५० आहे. आमच्याकडे तीनशेच्या वर माणसे आहेत, त्यामुळे हे पद निर्माण होऊ शकते आणि मला ते मनापासून हवे आहे. त्यासाठी ही पदविका चालेल, की समाजकार्य किंवा श्रम अभ्यासाची पदवीच लागेल? या पदावर काम केलेल्या कुणी स्वानुभव सांगितल्यास फार उपकार होतील.

शेवटचा प्रश्न प्रकल्पाच्या विषयाचा आहे. गणपतीत आणि शिमग्यात निम्मी शिफ्ट रजा मागते, रिॲक्टर मात्र बंद ठेवता येत नाही, आणि ज्याचा अर्ज आधी त्याला रजा या पद्धतीने दरवर्षी वाद होतात. शिमग्यात प्रत्येक गावाची पालखी घरोघरी फिरण्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात. त्या आधीच मागवून गावनिहाय रजेचे वेळापत्रक करावे, असे मला वाटते. सरांच्या मते हा विषय फारच स्थानिक आहे. कम्युनिटी कॉलेज स्थानिक गरजांसाठीच असते, म्हणून मला तो सोडावासा वाटत नाही. विषय येत्या शनिवारी लिहून द्यायचा आहे, तेव्हा तो मान्य व्हावा यासाठी कसा मांडावा, हे कृपया त्याआधी सुचवावे.