टिरियनच्या आधीचा डिंकलेज
'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेआधी पीटर डिंकलेज या कमी उंचीच्या अमेरिकन नटाला कोणी विचारत नव्हतं, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सहाय्यक अभिनेत्याच्या चार एमी (टीव्हीचे पुरस्कार) त्यातल्या टिरियनच्या भूमिकेमुळेच मिळाल्या, मान्य. पण १९९५च्या 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन' या पिक्चरमध्येच तो त्यातल्या दिग्दर्शकावर भडकतो, की स्वप्न दाखवायचं म्हणून बुटका कशाला, मला स्वतःलाही असली स्वप्नं पडत नाहीत! आणि २००३चा 'द स्टेशन एजंट' तर त्याच्याच खांद्यावर आहे. त्यात त्याला न्यू जर्सीतलं एक बंद पडलेलं स्टेशन वारशात मिळतं आणि तो तिथे राहायला जातो. बास, एवढीच गोष्ट.

हा पिक्चर मी पाचोऱ्याला घरी लॅपटॉपवर लावला होता. वडील रेल्वेत गँगमन होते, पीजेच्या (पाचोरा-जामनेर) छोट्या गाडीवर त्यांचा फार जीव. इंग्रजी ओ की ठो कळत नाही, तरी हलले नाहीत. तो रुळाच्या कडेने गिट्टीवरून चालत निघाला तसे म्हणाले, "हाऊ ते आपला लाईनना माणूस शे." (हा तर आपल्या लाईनचा माणूस आहे.) उंचीबद्दल शेवटपर्यंत एक शब्द नाही. टिरियनचे दोन एपिसोडही दाखवले नंतर, तर दहाव्या मिनिटाला घोरायला लागले.