जुन्या जाहिरातींत काळ दिसतो का?

आईच्या ट्रंकेत ऐंशीच्या दशकातले दिवाळी अंक सापडले. पानोपानी कुकर, शिलाई मशीन, मुदत ठेवी. आणि ओट्याशी उभी बाईच, दरवेळी! तुम्हाला कुठली जाहिरात त्या काळाची वाटते?

— ललिताजी! निरमा पावडर स्वस्त, म्हणून सर्फला जाहिरातीत ही हिशेबी गृहिणी आणावी लागली. आई तश्शीच भाजी घ्यायची, एकेक टोमॅटो दाबून बघत.

— १९८९ची 'हमारा बजाज'. कारखान्यांना उत्पादनासाठीही सरकारी परवाना लागायचा, त्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लागायचा. आमची आली तेव्हा बाबांनी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारी पेढे न्यायला आले होते.

— मूळ प्रश्न माझाच. कॅडबरीच्या जुन्या जाहिरातीत तो षटकार मारतो, ती मैदानात नाचत धावते. २०२१मध्ये बॅट तिच्या हाती. लेकीला दोन्ही दाखवल्या. म्हणाली, "पहिलीत ती खेळत का नाही?"