पगारवाढ घेतली तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतं, आणि संधिवाताची औषधं तर थांबवता येत नाहीत. काय करू?

चाकणची_फर्स्ट_शिफ्ट

नमस्कार. वय २९. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मोशीला राहते. घरात आई आणि आयटीआय करणारा धाकटा भाऊ, कमावणारी मी एकटीच.

दोन वर्षांपूर्वी बोटं सुजायला लागली. या वयात कसला वात, ताक बंद कर, थंड पाण्यात भांडी घासू नकोस, असं सगळ्यांनी ऐकवलं. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हा सांधे झिजण्याचा आजार नाही, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उठते. हे मी आता नातेवाइकांना समजावणं सोडून दिलंय.

पाचला उठते, पण सहा वाजून गेले तरी मूठ वळत नाही. सेफ्टी शूजच्या नाड्या आई बांधते. कामावर बोअर (पार्टमधलं गोल भोक) तपासायचा तर प्लग गेज, म्हणजे मापाची दांडी, सरळ धरून आत सोडावा लागतो. गो बाजू अलगद गेली पाहिजे, नो-गो तोंडाशीच अडली पाहिजे. जोर लावायचाच नसतो, सगळा खेळ बोटांच्या अंदाजावर. बोटं सुजलेली असली की गेज पार्टमुळे अडला की मी तिरका धरला म्हणून, हेच कळत नाही. मग तोच पार्ट पुन्हा बघते. तोवर ट्रेमध्ये ढीग लागतो आणि सुपरवायझर माझ्याकडे बघत उभा असतो.

सध्या मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) या गोळ्या चालू आहेत, सगळं ईएसआयमधून. बरंच बरं आहे, पण मनगटाची सूज हटत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढची पायरी म्हणून टोफासिटिनिबची गोळी किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं) इंजेक्शन लागेल. एक इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी घ्यायचं असतं. बाहेर किंमत विचारली, तर महिन्याचा खर्च जवळजवळ माझ्या पगाराएवढा.

आणि नेमकी आता पगारवाढ होतेय. एप्रिलपासून २२,४०० होणार, म्हणजे ईएसआयची महिना २१,००० पगाराची मर्यादा ओलांडणार. आई पेढे आणायला निघाली होती, तिला काय सांगू? वाढ नाकारता येते का? बाहेर पडल्यावर मदत कुठून मिळेल? आणि कंपनीत आजाराचं सांगावं का? अजून कुणाला सांगितलेलं नाही.

युनियनवाले_काका

ताई, वाढ अजिबात नाकारू नका. त्यावर पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, पुढची प्रत्येक वाढ त्यावरच धरली जाणार.

ईएसआय लगेच १ एप्रिलला तुटत नाही. वर्गणीचे दोन कालावधी असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचे लाभ मिळतात. एप्रिल ते जूनचे तीन महिने आधीच्या वर्गणीत आलेले आहेतच. म्हणजे १ एप्रिलला वाढ लागली तरी डिसेंबरअखेरपर्यंत तुम्ही उघड्यावर नाही. वाढ १ मे पासून लागली तर आणखी बरं, कारण कालावधी सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडली की सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी कापावीच लागते आणि लाभ पुढच्या जूनपर्यंत जातात. एका महिन्याच्या फरकावर पुढचे सहा महिने अवलंबून आहेत, म्हणून पत्र निघण्याआधीच एचआरशी बोला. २२,४०० मध्ये ओव्हरटाइम धरलाय का तेही बघा, मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत.

अपंगत्व असलेल्या कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पण त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते कायमच्या अपंगत्वावर देतात. औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. बोटं वाकडी झालेली नसतील तर एवढे टक्के मिळणं अवघड. आणि खरं सांगतो, ते तुम्हाला कधी मिळूच नयेत.

दुखणं वाढून घरी बसायची वेळ आली तर आत्ताच लक्षात ठेवा: सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. दाखला ईएसआयच्याच डॉक्टरांचा लागतो. जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे तो भत्ता चालू असताना कंपनीला कामगाराला काढता येत नव्हतं; आताच्या नव्या कायद्यात काय आहे ते ईएसआयच्या कार्यालयात विचारून घ्या.

ठाण्याचा_एएस

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा संधिवात) आहे, २४ व्या वर्षी निदान झालं. इन्शुरन्सच्या लढाया बऱ्याच लढलोय, म्हणून लिहितो.

ईएसआयमधून बाहेर पडलेल्यांना बऱ्याच कंपन्या ग्रुप मेडिक्लेम देतात. ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, पण शब्दावर राहू नका, पॉलिसीची प्रत मागून वाचा. स्वतःची पॉलिसी काढलीत तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि अर्जात संधिवात लपवू नका. लोक लपवतात आणि नेमका क्लेमच्या वेळी अडकतात.

मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं (बायोलॉजिकमधला एक प्रकार) आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. विमा कंपनीला ती सरसकट वगळता येत नाहीत, फार तर रकमेची मर्यादा घालता येते. पण घरी पोटावर टोचून घेतलेलं इंजेक्शन ओपीडीत ढकलून नाकारतात. तेच रितुक्सिमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून, डे-केअरला भरती होऊन घेतलं तर क्लेमला आधार असतो. टोफासिटिनिबची गोळी मात्र खिशातूनच घ्यावी लागेल. तिची जेनेरिक आल्यापासून ती इंजेक्शनापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तेव्हा पैसे कोण भरणार आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, औषध निवडताना ते हेही धरतात. दोन्हींच्या आधी टीबीची तपासणी करायला सांगतील, ती टाळू नका.

एकट्या तुमच्या पगारावर वर्षाचं उत्पन्न पावणेतीन लाखांच्या आत येतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकाची मर्यादा ३,६०,०००, म्हणजे तुम्ही बसता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही. महात्मा फुले योजना ५ लाखांपर्यंत आहे, पण ती भरती झाल्यावरची. महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

टूलरूम_भोसरी

सीएमएम (पार्टची मापं घेणारं संगणकी मशीन) शिकून घ्या. प्रोग्रॅम लावला की मशीनचा प्रोबच मापं घेतो, बोटांवर ताण नाही. ड्रॉइंग तुम्हाला वाचता येतंच. पगारही इन्स्पेक्टरपेक्षा बरा. कंपनीत मशीन असेल तर ट्रेनिंगला नाव द्या, त्यासाठी आजाराचं कारण सांगायचीही गरज नाही.

कोल्हापूरची_वहिनी

अगं, नाड्यांचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मला २६ व्या वर्षी सुरू झालं, तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. त्याच्या शर्टाची बटणं सासूबाई लावायच्या.

आधी मेथोट्रेक्सेटचं. ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही. घरात दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तर डब्यावर वार लिहून ठेव, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्री घेता येईल का ते डॉक्टरांना विचार. तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल तर बुधवारी रात्री. लिव्हरची आणि रक्ताची तपासणी चुकवू नकोस, एचसीक्यूसाठी डोळेही दाखवत राहा. स्थळं बघताय की नाही माहीत नाही, पण मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट काही महिने आधी थांबवावी लागते, ते डॉक्टरांच्या कानावर आधीच घाल.

गोळ्या जनऔषधी केंद्रात विचार. नसतील तर मागवून देतात. माझा औषधांचा खर्च तिथे निम्म्याहून खाली आला.

कामावर सांगायचं का? मी सांगितलं. पण आधी आजार सांगून नाही, आधी काम सांगून. सकाळचा पहिला तास लिखापढीचं काम द्या, मोजमापाचं नंतर करते, एवढंच मागितलं. कारण विचारलं तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. दया मागायला गेलं की लोक आपल्याला रजेवर पाठवायलाच बघतात. आणि लेस नसलेले, चिकटपट्टीचे सेफ्टी शूज मिळतात. आधी ते घे.

चाकणची_फर्स्ट_शिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, वर्गणीच्या कालावधीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज एचआरमधल्या मॅडमला विचारलं. वाढ १ एप्रिलचीच आहे, सगळ्यांची एकदम होते, बदलता येणार नाही म्हणाल्या. पण डिसेंबरपर्यंतचं कळलं हेही खूप आहे. तोवर टोफासिटिनिब ईएसआयमधून सुरू होतंय का ते डॉक्टरांना विचारते. ग्रुप मेडिक्लेम २ लाखांचा आहे, प्रत मागितलीय.

आमच्याकडे सीएमएम एकच आहे आणि तो चालवणारे दादा मे महिन्यात रिटायर होतायत. उद्याच नाव देते.

वहिनी, चिकटपट्टीच्या शूजचं आईला सांगितलं तर ती म्हणाली, मी बांधते त्यात काय बिघडलं! तरी घेणार आहे.

एक राहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याला भाऊ १८ चा पूर्ण असल्याने त्याचंही काही लावावं लागतं का? त्याला महिन्याचा थोडा स्टायपेंड मिळतो. कुणी अलीकडे दाखला काढला असेल तर कागदपत्रं काय लागली ते सांगा.