सल्ला हवा: बोलिंगच्या तेल कमी असलेल्या लेनवर रिअ‍ॅक्टिव्ह बॉल कसा चालेल?

काळी_कपाशी: नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि कामानिमित्त नागपूरला जाणे झाले की तेथील मॉलमध्ये बोलिंग खेळतो. तेथला सामायिक बॉल कितीही फिरवला तरी सरळच जातो, म्हणून स्वतःचा 14 पौंडांचा, तेल शोषणाऱ्या आवरणामुळे जास्त वळणारा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घ्यावा असे मनात आहे. छिद्रे पाडण्यासह 12,000 रुपयांच्या वर जाता येणार नाही. तो त्या लेनवर कसा वागेल, हे जाणकारांनी सांगावे.

सोळापौंडी_अकोला: भाऊ, नियमाने 16 पौंडांपर्यंत मुभा असताना 14 वर का थांबता? माझा असिमेट्रिक कोअरचा (आतला जड गाभा असमान आकाराचा असलेला) बॉल 25,000 च्या घरात गेला, परंतु शेवटच्या टप्प्यात तो जे वळण घेतो ते पाहायला शेजारच्या लेनवरची मंडळी आपला खेळ थांबवतात. थोडे पैसे वाढवा.

संत्राबाग_वरुड: वरच्या प्रतिसादात बजेट वाचलेले दिसत नाही. मुख्य प्रश्न तेलाचा आहे. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत 60 फूट अंतर असते आणि त्यातील सुरुवातीच्या साधारण 40 फुटांवर तेल असते. बॉल तेथे घसरत जातो, पुढे कोरडा भाग लागला की चिखलातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकासारखी पकड घेऊन वळतो आणि मग लोळत पिनांमध्ये शिरतो. रिअ‍ॅक्टिव्ह आवरणाची सूक्ष्म छिद्रे तेल शोषून घेतात, तर आतल्या कोअरमुळे फिरण्याचा अक्ष सरकत राहून प्रत्येक फेरीत तेल न लागलेला नवा भाग लेनला टेकतो. मात्र लेनवर तेलच तुटपुंजे असेल, तर हाच बॉल अर्ध्या वाटेत वळू लागतो, पिनांपाशी पोहोचेपर्यंत त्याचा जोर सरतो आणि उजव्या हाताने टाकणाऱ्याचा बॉल पहिल्या पिनच्या डावीकडे निघून जातो. आपण कमी पकड घेणाऱ्या आवरणाचा, म्हणजे युरेथेन किंवा साधा पॉलिस्टरचा बॉल घ्यावा.

हरभरा_दाणा: तेल कमी असेल तर महागडा बॉल लवकर वळतो, एवढेच मलाही सांगायचे होते. पॉलिस्टरच घ्यावा.

चंद्रपुरी_ऊन: बॉल ठेवणार कोठे, हे कोणी विचारलेच नाही. माझ्या मेहुण्याचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिला आणि अंगठ्याच्या छिद्रापासून तडकला. दुकानदाराने उष्णतेचे कारण सांगून हात वर केले, ते वेगळेच. आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा पॉलिस्टर बरा.

सोळापौंडी_अकोला: माझा बॉल वर्षभर डिकीतच असतो आणि त्याला काहीही झालेले नाही. अकोल्याचे ऊन चंद्रपूरपेक्षा कमी आहे, असे कोणी म्हणू नये.

पुसदची_ताई: ऊन बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे या. कोणताही बॉल घेतला तरी छिद्रे आपल्या हाताच्या मापाने आणि फिंगरटिप पद्धतीने पाडून घ्यावीत. त्यात मधले बोट व अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत जातात, त्यामुळे अंगठा आधी सुटतो आणि बोटांनी बॉलला फिरकी देता येते. सामायिक बॉलमध्ये बोटे दुसऱ्या पेरापर्यंत रुततात, म्हणून आपला बॉल सरळ जात असावा. रिअ‍ॅक्टिव्हचाच हट्ट असेल, तर पॉलिश केलेला पर्ल (आवरणात चकाकणारे कण मिसळलेला) घ्यावा. तो पुढेपर्यंत घसरतो. खरखरीत, मॅट पृष्ठभागाचा सॉलिड (असे कण नसलेला) बॉल लवकर पकड घेतो आणि कोरड्या लेनवर तोच सर्वांत जास्त त्रास देतो.

काळी_कपाशी: सर्वांचे आभार. नागपुरातील एका खेळाडूकडून 13 पौंडांचा वापरलेला सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह 7,000 रुपयांत मिळाला असून जुनी छिद्रे बुजवून नवी पाडण्यासह सर्व खर्च बजेटमध्ये बसतो आहे. तो लवकर वळणार हे कळले, परंतु मला वळणच पाहायचे आहे. डावीकडे सरकून आणि वेगाने टाकून पाहीन. बॉल मामेभावाच्या घरी राहील, डिकीत नाही.

संत्राबाग_वरुड: निदान खेळून झाल्यावर मायक्रोफायबरच्या फडक्याने लगेच पुसत जा, कारण शोषलेले तेल आत मुरले की पकड मंदावते. आपल्या लेनवर पुसायला तेल मिळेल की नाही, हा भाग निराळा.

सोळापौंडी_अकोला: 13 पौंड? थोडे पैसे वाढवले असते, तर माझ्यासारखा नवा आला असता.