मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला आलेय, वर्गात काहीच कळंना झालंय, काय करू?

गावाकडची_अकरावी

नमस्कार सगळ्या दादा-ताईंना. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत गावातल्याच शाळेत शिकले, पूर्ण मराठी मीडियम, सेमी पण नव्हतं आमच्याकडं. दहावीला ९१ टक्के पडले, मग सगळे म्हणले सायन्सच घे आणि मला स्वतःला पण डॉक्टर व्हायचंय त्यामुळं लातूरला फॉर्म भरला, ऑनलाइन राउंडमध्ये नंबर लागला. आता हॉस्टेलवर राहते, एका खोलीत तिघी जणी.

प्रॉब्लेम असा आहे की सर फिजिक्स शिकवायलेत, आजूबाजूच्या पोरी माना हलवत पटापट लिहून घ्यायल्यात आणि मी नुसतं फळ्यावरचं उतरवून घेते. खोलीवर येऊन वही उघडली की मीच लिहिलेलं मलाच समजत नाही. गावाकडं मला प्रश्न विचारायला कधी भीती वाटली नाही, सर नावानं हाक मारायचे, इथं वर्गात १२० पोरं-पोरी, सरांना माझं नाव पण माहीत नाही. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ७ पडले, केमिस्ट्रीत ११, बायोत १८. बायो जरा जमतंय, बाकी अंधार.

सकाळी ६ ला ट्यूशन, मग कॉलेज, मग परत दोन ट्यूशन, रात्री १२ पर्यंत जागते तरी मागंच आहे. रूममेट सीबीएसईची आहे, चांगली आहे स्वभावानं, पण तिला सगळं आधीच येतं असं वाटतं. घरी अजून मार्क सांगितले नाहीत, पप्पांनी हॉस्टेलचे आणि ट्यूशनचे पैसे कसे उभे केलेत ते मला माहितीय.

तर विचारायचं असं की आत्ताच आर्ट्सला जाऊ का, अजून उशीर झाला नाही तोवर? आणि मेडिकलची नीट परीक्षा मराठीतून पण देता येते म्हणतात, मग सगळा अभ्यास मराठीतूनच केला तर चालतं का? प्लीज कुणीतरी खरं खरं सांगा.

मेडिको_नांदेड

अगं थांब, आधी एक दीर्घ श्वास घे. मी झेडपीच्या शाळेतली, परभणी जिल्ह्यातली, आता नांदेडला एमबीबीएस सेकंड इयरला आहे, आणि तू जे लिहिलंयस ते माझ्या बॅचमधल्या मराठी मीडियमच्या जवळजवळ प्रत्येकानं अकरावीत अनुभवलंय. दिवाळीपर्यंत असंच असतं. डोकं तेच आहे ज्यानं ९१ टक्के आणले, फक्त एकाच वेळी भाषा पण नवीन आणि विषय पण नवीन, त्यामुळं कळत नाही ते भाषेमुळं की विषयामुळं हेच समजत नाही. हे दोन वेगळे कर, निम्मं ओझं तिथंच उतरतं.

कसं करायचं तर बालभारतीची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहेत आणि धडे तेच आहेत, आकृत्या तशाच, क्रम तोच. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात. नववीचा गतीचे नियम, दहावीचा गुरुत्वाकर्षण, रासायनिक अभिक्रिया, कार्बनी संयुगे, जीवनप्रक्रियांचे दोन्ही धडे, हे इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून वाच, शेजारी मराठी पुस्तक उघडं ठेवून. यातलं सगळं तुला येतंच त्यामुळं लक्ष फक्त शब्दांकडं जातं. त्वरण म्हणजे अॅक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम हे एकदा डोक्यात बसलं की वर्गातलं वाक्य अर्ध्यात तुटत नाही. रोज दीड धडा वगैरे टार्गेट ठेवू नको, रोज अर्धा तास बास. त्याच्यानंतरही एखादा शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, तिथं भौतिकशास्त्राचा आहे, रसायनशास्त्राचा आहे.

नीटचं म्हणशील तर हो, मराठीतून देता येते, फॉर्म भरताना मराठी निवडलं की पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत येतो. पण भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, आणि तुझं कॉलेज, ट्यूशन, टेस्ट सिरीज, पुढं एमबीबीएसची पुस्तकं सगळं इंग्रजीच. म्हणून समजून मराठीत घे, उत्तर इंग्रजीत लिही. समजायला मराठी वापरण्यात काहीही कमीपणा नाही, मी आजही पॅथॉलॉजी मनात मराठीतच बोलून पाठ करते.

आणि बायो १८ ला "जरा जमतंय" म्हणू नको गं. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ९० प्रश्न म्हणजे ३६० मार्क एकट्या बायोचे. तुझा अर्धा पेपर ज्या विषयात आहे तो विषय तुला नवीन भाषेत पण पहिल्याच टेस्टला जमलाय. बायोला रोज वेळ दे, फिजिक्सच्या भीतीनं ते मागं टाकू नको. एनसीईआरटीचं बायो ओळ न ओळ वाचायची सवय आत्तापासून लागली तर बारावीत फार हलकं जातं.

खडू_आणि_डस्टर

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, बरीच वर्षं झाली, म्हणून फिजिक्सच्या ७ मार्कांबद्दल बोलते.

बेटा, आपल्या स्टेट बोर्डाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्सचा आहे, त्यात व्हेक्टर येतात आणि डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची ओळख येते. आणि मॅथ्सच्या पुस्तकात डिफरन्शिएशन कुठं आहे? भाग दोनचा शेवटचा धडा. म्हणजे फिजिक्सवाले जे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वापरतात ते मॅथ्सवाले वर्षाच्या शेवटी शिकवतात. इंग्लिश मीडियमची पोरं पण इथं अडकतात, फक्त त्यांना वाक्य कळतं म्हणून त्यांना वाटतं की आपल्याला समजलं. माना हलवणाऱ्या सगळ्यांना समजलेलं असतं असं अजिबात नाही, पेपर तपासताना आम्हाला दिसतं ना. त्यातून तू बायो ग्रुप घेऊन मॅथ्स सोडलं असशील तर हे तुला कुणी वेगळं शिकवणारच नाही, म्हणून साईन-कॉसच्या किमती, साधे डेरिव्हेटिव्ह, ग्राफचा स्लोप आणि व्हेक्टरची बेरीज, एवढं गणित एखाद्या रविवारी बसून कुणाकडून तरी करून घे. रूममेट सीबीएसईची आहे म्हणतेस, तिलाच विचार. एवढं झालं की पुढचे मोशन आणि लॉज ऑफ मोशनचे धडे सुटायला लागतात.

दुसरं, अकरावीचे मार्क बारावीच्या मार्कशीटवर येत नाहीत. अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, बोर्ड नाही. युनिट टेस्टचे ७ मार्क जगात कुठंच दाखवावे लागणार नाहीत. पण याचा अर्थ अकरावी सोडून द्यायची असा काढू नको, नीटला दोन्ही वर्षांचा सिलॅबस असतो आणि सीईटीला पण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. मार्क विसर, धडा विसरू नको.

तिसरं, प्रॅक्टिकल. ट्यूशनच्या नादात पोरं प्रॅक्टिकल बुडवतात आणि मला याचा खरंच राग येतो, कारण गावाकडून आलेल्या मुलांसाठी लॅब हीच सगळ्यात चांगली जागा आहे. तिथं बॅच लहान असते, सर किंवा मॅडम शेजारी उभे असतात, व्हर्निअर हातात असतो, बोलायला विषय असतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत आणि जर्नल सर्टिफाय झालेलं लागतं. वर्गात १२० जणांत नाव माहीत नाही म्हणतेस, लॅबमध्ये दोन आठवड्यांत माहीत होतं.

आणि ट्यूशन कमी कर. लातूरला विषयवार वेगळी ट्यूशन लावायची पद्धत आहे मला माहितीय, पण जे ऐकतेस ते स्वतः बसून सोडवायला दिवसात वेळच उरत नसेल तर ते ऐकणं वाया जातं. बायो जमतंय तर बायोची ट्यूशन नसली तरी चालेल का याचा विचार कर. रात्री १२ ला झोपून पहाटे ५ ला उठणं या वयात चालत नाही, झोप मोडून वाचलेलं डोक्यात राहत नाही.

उदगीरचे_बाबा

माझी मुलगी याच वाटेनं गेली म्हणून बापाच्या बाजूनं लिहितो. पोरी, आज रात्री घरी फोन कर आणि मार्क सांग. पप्पांनी पैसे कसे उभे केले याचं ओझं तू एकटीनं वाहायचं नसतं. आम्हाला ७ मार्कांनी तेवढं वाईट वाटत नाही जेवढं पोरगी दोन महिने एकटी रडत होती हे नंतर कळल्यावर वाटतं. आणि अधूनमधून घरी जात जा, एसटीला मुलींना-बायकांना अर्धं तिकीट आहे, दोन दिवस आईच्या हातचं खाऊन आलं की अभ्यास बुडत नाही.

आता एक काम जे या गडबडीत सगळे विसरतात, कागदपत्रं. ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट कॉलेजला जमा असेल तर त्याच्या झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन आहेत का बघ. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच हवं, नसेल तर आत्ताच दुरुस्त करा, बारावीनंतर अॅडमिशनच्या रांगेत ते होत नाही. रिझर्व्हेशनमध्ये असशील तर कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज सायन्सला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन करता येतो, तो निकालाची वाट न बघता करून टाका, दरवर्षी पोरांच्या हातातल्या सीट या एका कागदापायी अडकतात. डोमिसाइल पण काढून ठेवा, मेडिकलच्या राज्याच्या ८५ टक्के कोट्याला लागतं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, फॉर्म अकरावीपासूनच भरता येतो, खातं आधारला लिंक हवं. ही सगळी कामं पप्पांना सांग, त्यांना पण मुलीसाठी काहीतरी करतोय असं वाटतं.

आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एसवायबीए_संभाजीनगर

मी आर्ट्सची आहे म्हणून त्या एका प्रश्नाला उत्तर देते. आर्ट्सला यायचं तर आनंदानं ये, पण पळून येऊ नको. मला इतिहास आणि राज्यशास्त्र आवडायचं म्हणून मी दहावीला ८८ टक्के असूनही आले आणि मला रोज लायब्ररीत जावंसं वाटतं. माझ्या वर्गात सायन्स सोडून आलेल्या दोघीतिघी आहेत, ज्यांना खरंच हे वाचायला आवडतं त्या खूप छान करतात, ज्या फक्त फिजिक्सला घाबरून आल्या त्या इथं पण नाराजच आहेत, कारण इथं पण वाचावं लागतं, लिहावं लागतं. तुझ्या पूर्ण पोस्टमध्ये डॉक्टर व्हायचंय असं लिहिलंयस, आर्ट्समधलं काय आवडतं ते एकदाही लिहिलं नाहीस. आणि हे पण लक्षात ठेव की सायन्समधून आर्ट्सला नंतर पण येता येतं, पण आर्ट्स घेऊन बारावीला परत सायन्सला जाता येत नाही. त्यामुळं घाई करायचं कारण तुझ्याकडं नाहीये, निदान पहिली टर्म एक्झाम तरी होऊ दे.

गावाकडची_अकरावी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी दोनदा वाचलं सगळं. काल पप्पांना सांगितलं, ते फक्त एवढंच म्हणले की जेवलीस का, आणि रविवारी भेटायला येतो म्हणले. रूममेटला डेरिव्हेटिव्हचं विचारलं, ती लगेच शिकवायला बसली, तिला पण व्हेक्टर नीट येत नव्हते, ते आम्ही दोघींनी मिळून केले. नववीचं इंग्लिश पुस्तक डाउनलोड केलंय.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. स्टाफरूममध्ये जाऊन डाउट मराठीत विचारला तर चालतो का? सर वर्गात सगळं इंग्लिशमध्येच बोलतात, त्यांना राग आला तर?

खडू_आणि_डस्टर

चालतो म्हणजे काय, आम्ही सगळे स्टाफरूममध्ये मराठीतच बोलतो! बिनधास्त मराठीत विचार. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नको आणि "सर मला काहीच कळत नाही" असं म्हणू नको, त्यावर कुठल्याच शिक्षकाला उत्तर देता येत नाही. वही घेऊन जा, गणित जिथपर्यंत आलं तिथपर्यंत सोडवलेलं असू दे, आणि बोट ठेवून विचार की इथून इथं कसं आलो. पाच मिनिटांचं काम असतं. तासानंतर लगेच गाठू नको, तेव्हा सरांना पुढच्या तासाला पळायचं असतं, त्यांचा ऑफ तास कधी आहे ते विचारून घे. पहिल्यांदा जाताना रूममेटला सोबत ने. त्या सरांना वेळ नसेल तर लॅबमधल्या दुसऱ्या मॅडमना किंवा सरांना विचार, आपलाच वर्ग शिकवणाऱ्यांना विचारायचं असा काही नियम नाही.

व्हेक्टर झाले म्हणतेस ना, मग आता पुस्तकातलं प्रोजेक्टाइल मोशन काढ आणि वेगाचे दोन भाग करून बघ, आडवा वेगळा आणि उभा वेगळा. अडलं तर इथंच लिही, मी संध्याकाळी ८ नंतर बघते.